विणणारी एक, धुणारी दुसरी: बाळंतविडा, श्रग आणि शालीबद्दल

नाशिकच्या एका ताईंनी विचारलंय, थोडक्यात असं: वय 58. कॉलेजात असताना दोन सुयांवर स्वेटर विणले, नंतर संसारात सुया माळ्यावर गेल्या. लेक कॅनडात आहे, जानेवारीत तिचं बाळंतपण, डिसेंबरात तिकडे जायचंय. बाळाला स्वेटर, टोपडं, मोजे आणि लेकीला एक श्रग (पुढून मोकळं, बाह्यांचं आखूड जाकीट) नि एक शाल विणून न्यायची आहे. लोकर कोणती नि किती घेऊ, सुरुवात कशाने करू? शिवाय शेजारणी म्हणतात की घरबसल्या विकायलाही कर, ते जमेल का?

ताई, मी पुण्यात घरी बसून 40 वर्षं विणतेय, त्यातली निम्मी वर्षं लोकांच्या ऑर्डरी घेऊन. माझ्याकडे कुणी नमुना घेऊन आलं की मी नमुना नंतर बघते, आधी विचारते, हे धुणार कोण? आपण विणून, घडी घालून, पिशवीत घालून मोकळ्या होतो. पण त्या कपड्याचं पुढचं आयुष्य धुणारीच्या हातात असतं. तुमच्या बाबतीत ती धुणारी म्हणजे रात्रभर जागलेली, दुधाने ओले झालेले चार कपडे एकदम मशीनमध्ये टाकणारी तुमची लेक आहे. रिठ्याच्या कोमट पाण्यात हलक्या हाताने धू आणि टॉवेलवर पसरून वाळव, असं तिला सांगून उपयोग नाही. पहिले तीन महिने तिला स्वतःची वेणी घालायला वेळ मिळणार नाही.

हे मी अनुभवाने शिकले. माझ्या भाचीचं पहिलं बाळंतपण परदेशात होतं. मी हौसेने शंभर टक्के शुद्ध लोकरीचा स्वेटर विणला, गळ्याला बारीक जाळी, पुढे पानांची वीण. तिने तो एकदा बाकीच्या कपड्यांबरोबर गरम पाण्यात धुतला आणि ड्रायरमध्ये टाकला. बाहेर आला तो बाहुलीच्या मापाचा, नमद्यासारखा घट्ट. फोनवर ती रडत होती आणि मला वाईट वाटत होतं ते स्वेटरपेक्षा तिच्या रडण्याचं. चूक तिची नव्हतीच. मेंढीच्या केसावर सूक्ष्म खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घुसळण एकत्र आली की ते खवले एकमेकांत अडकतात आणि कापड आटतं. आटलेलं परत सुटत नाही. धागा निवडताना मी हा विचार करायला हवा होता.

तेव्हा आधी धागा. आपण दुकानात जिला सरसकट लोकर म्हणतो ती बहुतेक वेळा अॅक्रिलिक असते, लुधियानाकडून येणारी. त्यात वाईट काही नाही, फक्त काय घेतोय ते माहीत हवं. लेबल नसलेली लड असेल तर घरी आणून बोटभर तुकडा चिमट्यात धरून जाळून बघा. खरी लोकर केस जळाल्यासारखी वास मारते, ज्योत काढली की विझते आणि राख बोटांत चुरडली जाते. अॅक्रिलिक वितळतं आणि टोकाला कडक मणी राहतो. त्या मण्यामुळेच मी स्वयंपाक करणाऱ्या बाईसाठी लोंबत्या टोकांची अॅक्रिलिक शाल विणत नाही. गॅसच्या ज्योतीला लागलं तर ते वितळून अंगाला चिकटतं.

बाळासाठी तुम्ही ‘बेबी’ म्हणून मिळणारं मऊ 4 प्लाय, म्हणजे पातळ धाग्याचं, अॅक्रिलिक घ्या, नाहीतर सूत आणि अॅक्रिलिकचं मिश्रण. मशीनमध्ये निर्धास्त जातं. मऊपणा हाताने तपासू नका, आपले हात भांडी घासून निबर झालेले असतात. धागा हनुवटीच्या खाली, गळ्याशी दोन मिनिटं घासून बघा. तिथे टोचला तर बाळाला टोचणारच. मोहेर, अंगोरा असले केसाळ धागे तान्ह्यासाठी नकोत, त्यांचे तंतू सुटून नाकातोंडात जातात. लेकीच्या श्रगला मात्र जमलं तर सुपरवॉश मेरिनो घ्या. म्हणजे खवल्यांवर प्रक्रिया केलेली, मशीनमध्ये न आटणारी खरी लोकर. महाग पडते, पण तिकडच्या थंडीत अॅक्रिलिक आणि लोकर यांतला फरक अंगाला कळतो. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओलावा पोटात घेऊनही ओली लागत नाही, म्हणून घाम आला तरी गार पडत नाही.

आपल्या दख्खनी मेंढीची लोकर घेऊ का, असंही मला काही जणी प्रेमाने विचारतात. ती घोंगडीची लोकर. पावसात धनगराच्या डोक्यावर तिच्याइतकं चांगलं काही नाही, पण भरड आहे, बाळाच्या कातडीसाठी नाही.

किती घ्यायची? माझ्या हाताने तीन महिन्यांच्या बाळाचा स्वेटर, टोपडं आणि मोजे मिळून 4 प्लायमध्ये साधारण 150 ग्रॅम जातात. कोपरापर्यंतच्या बाह्यांचा श्रग डबल निट, म्हणजे 4 प्लायहून जाड धाग्यात, 300 ग्रॅम. 50 सेंटिमीटर रुंद, 180 लांब शाल त्याच जाडीत 350 ते 400. तुमचा हात सैल किंवा घट्ट असेल तर हे बदलेल, म्हणून 50 ग्रॅम जास्तच घ्या आणि सगळ्या लडींच्या लेबलवरचा लॉट नंबर, म्हणजे एकदम रंगवलेल्या मालाचा नंबर, एकच आहे ना ते दुकानातच, दाराशी उजेडात जाऊन बघा. ट्यूबलाइटखाली सारखे दिसणारे दोन लॉट उन्हात वेगळे निघतात. मध्येच कमी पडली आणि दुसरा लॉट घ्यावा लागला तर एकदम जोडू नका. दोन ओळी जुन्या धाग्याच्या, दोन ओळी नव्याच्या असं वीसेक ओळी चालवा, मग रेघ दिसत नाही.

सुयांचं एक सांगते, कारण कॅनडात गेल्यावर तुमचा गोंधळ होईल. आपल्या जुन्या सुयांवर इंग्रजी पद्धतीचे नंबर असतात, नंबर वाढला की सुई बारीक. आपली 10 नंबर म्हणजे 3.25 मिलिमीटर आणि 8 नंबर म्हणजे 4 मिलिमीटर. अमेरिकन पद्धत बरोबर उलटी, तिकडची 10 नंबर 6 मिलिमीटरची जाडजूड सुई. म्हणून नंबर विसरा, मिलिमीटरमध्ये बोला. आणि शालीसाठी लांब सुया काढू नका. 80 सेंटिमीटरच्या तारेची गोल सुई घ्या आणि तिच्यावरच सरळ ओळी, जाऊन-येऊन विणा. लांब सुयांवर शालीचं सगळं वजन मनगटांवर येतं, गोल सुईवर ते मांडीत पडतं. आपल्या वयाला हा फरक मोठा आहे. सवय मोडलेल्या हातांना बांबूच्या सुया बऱ्या, अॅक्रिलिक त्यांच्यावरून सटकत नाही.

आता ते काम जे सगळ्या जणी टाळतात, नमुन्याचा तुकडा. 3.25 च्या सुईवर 4 प्लायचे 36 टाके घाला, एक ओळ सुलट एक ओळ उलट, 13 सेंटिमीटर विणा, टाके बंद करा. मग तो तुकडा लेक जसा धुणार तसाच धुवा. मशीनमध्ये टाकायचा असेल तर मशीनमध्येच. वाळल्यावर मधल्या 10 सेंटिमीटरमधले टाके मोजा. कडेचे मोजू नका, ते खोटं सांगतात. 28 टाके आले तर पुढचे माझे आकडे तुम्हाला जसेच्या तसे चालतील. 30 आले तर सुई एक नंबर जाड घ्या, 26 आले तर बारीक. हात बदलायचा प्रयत्न करू नका, तो तिसऱ्या ओळीनंतर मूळ पदावर येतो.

एवढ्याशा फरकाने काय होतंय असं वाटतं ना? श्रगचं उदाहरण घ्या. 100 सेंटिमीटर रुंदी हवी, नमुन्यात 10 सेंटिमीटरला 22 टाके धरलेत, म्हणून 220 टाके घातले. तुमच्या हाताने 24 बसत असतील तर तेच 220 टाके भरतील 92 सेंटिमीटरला. आठ सेंटिमीटर गेले. श्रग पाठीत तणतो, काखेत दाटतो आणि बाई तो ‘नंतर घालीन’ म्हणून कपाटात ठेवून देते. मी कुणाची विणलेली वस्तू फुकट गेलेली बघितली तर दहातल्या नऊ वेळा कारण वीण नसतं, माप असतं.

बाळाच्या मापाचं तर कॅलेंडरच वेगळं. सगळ्या जणी सांगतात, नवजात मापाचं विणू नकोस, महिनाभरात आखूड होतं, सरळ सहा महिन्यांचं कर. एरवी बरोबर आहे. पण तुमचं बाळ जानेवारीत येणार, ते सहा महिन्यांचं होईल जुलैत, तेव्हा तिकडे उन्हाळा असेल. म्हणून एक स्वेटर तीन महिन्यांच्या मापाचा करा, जो जानेवारीत बाहीची घडी घालून आणि मार्चमध्ये घडी सोडून घालता येईल. वेळ उरला तर दुसरा करा तो एकदम वर्षाच्या मापाचा, पुढच्या थंडीसाठी. मधलं माप सोडून द्या.

स्वेटर वरून खाली विणा, रॅग्लन बाहीचा. वॉटर्लूच्या लढाईत 1815 मध्ये हात गमावलेल्या लॉर्ड रॅग्लनचं नाव या तिरक्या बाहीला मिळालंय. आपल्याला तिचा फायदा असा की खांद्यावर शिवण येत नाही आणि पुढे बाही आखूड झाली तर खालून टाके सोडवून दोन बोटं वाढवता येते. पुढून पूर्ण उघडाच ठेवा. तान्ह्याच्या डोक्यावरून काहीही ओढून घातलेलं त्याला आवडत नाही, आणि पहिल्यांदाच आई झालेली मुलगी त्याची मान सांभाळत बंद गळ्याचा स्वेटर घालू शकत नाही.

गळ्याला 72 टाके घाला, तेही दोन सुया एकत्र धरून, म्हणजे काठ सैल राहील. चार ओळी दोन्हीकडून सुलट विणा. मग टाक्यांची वाटणी: पुढचा भाग 13, बाही 10, पाठ 26, बाही 10, पुढचा भाग 13. मध्ये चार ठिकाणी रंगीत दोऱ्याच्या खुणा अडकवा. आता समोरच्या प्रत्येक ओळीत चारही खुणांच्या दोन्ही बाजूंना एकेक टाका वाढवा, म्हणजे ओळीला 8 टाके वाढतात. मागच्या ओळी साध्या उलट. दोन्ही काठांचे पाच-पाच टाके मात्र कायम दोन्हीकडून सुलट, ती तुमची बटणपट्टी. असं 16 वेळा वाढवलं की सुईवर 200 टाके होतात: 29, 42, 58, 42, 29. आता बाह्यांचे 42-42 टाके जाड दोऱ्यावर काढून ठेवा आणि दोन्ही काखेत 6-6 नवे टाके घालून पुढा-पाठ एकत्र विणा. 128 टाके झाले, 28 च्या हिशोबाने पावणेसेहेचाळीस सेंटिमीटर. पट्टी एकावर एक आली की छाती 44 ची होते. तीन महिन्यांच्या बाळाला आत झबलं घालूनही हे सुटसुटीत बसतं. काखेखाली 14 सेंटिमीटर विणून बंद करा. बाहीच्या 42 टाक्यांना काखेतले 6 उचलून 48 करा, 13 सेंटिमीटर विणा, मनगटाला एक सुलट एक उलट अशी पट्टी. टाके बंद करताना एक नंबर जाड सुई वापरा. घट्ट बंद केलेला काठ बाळाच्या मनगटावर लाल वळ उठवतो आणि आपल्याला तो दिसतही नाही, कारण बाही खाली असते.

बटणं चपटी आणि मोठी घ्या, लोकरीने नाही तर पक्क्या दोऱ्याने लावा, आणि लावल्यावर सगळा जोर काढून ओढून बघा. काही महिन्यांनी बाळ सगळं तोंडात घालायला लागतं तेव्हा आपण तिथे नसतो.

टोपड्याचा हिशोब सोपा आहे. तीन महिन्यांच्या बाळाचं डोकं साधारण 40 सेंटिमीटर भरतं, टोपडं त्याहून लहान हवं, म्हणजे ताणून बसतं आणि डोळ्यांवर येत नाही. 96 टाके धरा, म्हणजे 34 सेंटिमीटर. सरळ सुयांवर विणणार असाल तर शिवणीसाठी दोन जास्त. काठाची पट्टी धरून 10 सेंटिमीटर सरळ विणा, मग घट: 10 टाके सुलट, दोन एकत्र, असं ओळभर. मधली ओळ साधी, पुढच्या घटीत 9 टाके आणि दोन एकत्र, मग 8. प्रत्येक घटीत 8 टाके जातात, अकराव्या घटीला 8 उरतात, शिवणीचे दोन सोडून. धागा कापून सुईने सगळ्यांतून ओवा आणि ओढून आत पक्का करा.

आपल्याकडे कुंचीला, टोपड्याला हनुवटीखाली बांधायला बंद असतात. ते तुम्ही लावू नका. गळ्याशी दोरी नको. आणि आजीच्या मनाला पटणार नाही अशी एक गोष्ट आधीच सांगून ठेवते: तिकडे डॉक्टर-नर्स बाळाला घरात टोपडं घालून झोपवू देणार नाहीत. पाळण्यात सैल पांघरूण नाही, उशी नाही, टोपी नाही, बाळ पाठीवर. तान्हं बाळ जास्तीची उष्णता मुख्यतः डोक्यातून बाहेर टाकतं, आणि सैल कापड तोंडावर आलं तर ते त्याला बाजूला सारता येत नाही. घरं तापवलेली असतात. हातपाय गार लागले म्हणून घाबरू नका, मानेच्या मागे दोन बोटं लावून बघा, तिथे कोमट असेल तर बाळ ठीक आहे. गाडीतल्या बाळाच्या सीटचंही तसंच. पट्ट्यांच्या आत जाड कपडा चालत नाही, पट्टा सैल राहतो. म्हणून आपला पातळ 4 प्लायचा स्वेटर आत, पट्टे लावून झाल्यावर वरून विणलेलं दुपटं. हे सगळं ठाऊक असलं की तुमचं आणि लेकीचं तिथे भांडण होणार नाही.

मोज्यांबद्दल थोडं जास्त बोलणार आहे. एकदा शेजारचं दोन महिन्यांचं बाळ तासभर किंचाळत होतं. पोट दुखतंय म्हणून ओवा शेकला, घुटी दिली, काही होईना. मी मोजे काढले तर उजव्या पायाचं चौथं बोट जांभळं पडलं होतं. मोज्याच्या आतला एक सुटा धागा बोटाला दोन वेढे घेऊन बसला होता. बारीक कात्रीने मी तो कापला तेव्हा माझे हात थरथरत होते. बोट वाचलं. तो मोजा मीच विणलेला होता. वरून अगदी नेटका, आत दोन रंगांचे धागे एका फुलावरून दुसऱ्या फुलाकडे लोंबत नेलेले.

तेव्हापासून मी तान्ह्याच्या मोज्यात आणि हातमोज्यात दोन रंग वापरत नाही, जाळीही काढत नाही. एकच रंग, घट्ट वीण. टोकं आत किमान पाच सेंटिमीटर उलटसुलट दिशेने ओवते, गाठ मारत नाही. मग मोजा उलटा करून करंगळी आत फिरवते. नख कुठेही अडकलं तर तो मोजा घराबाहेर जात नाही. तुम्हीही फिरवा, आणि लेकीला सांगा की बाळ उगाच रडत असेल तर आधी मोजे काढून बोटं बघ. घोट्याला रिबीन ओवण्यापेक्षा एक सुलट एक उलट अशी पट्टी पाच सेंटिमीटर उंच करा, मोजा लाथा मारूनही निघत नाही. तळवा तीन महिन्यांना नऊ-साडेनऊ सेंटिमीटर.

आता लेकीचा श्रग. बाळंतिणीला श्रगसारखी सोय नाही: पाठ आणि दंड उबदार राहतात, पुढून मोकळा असल्यामुळे बाळाला पाजताना काही काढावं-घालावं लागत नाही. आणि विणायला तो मुळात एक लांबट पट्टा आहे. लेकीला हात पसरून उभं राहायला सांगा, मैत्रिणीकडून किंवा जावईबापूंकडून पाठीवरून एका कोपरापासून दुसऱ्या कोपरापर्यंतचं माप घ्यायला लावा. समजा 100 सेंटिमीटर आलं. पोटाचं माप विचारूच नका, ते महिन्यागणिक बदलणार, श्रगला त्याची गरज नाही.

डबल निट धागा, 4 मिलिमीटरची सुई, तुकड्यात 10 सेंटिमीटरला 22 टाके. 66 टाके घाला, दोन सुलट दोन उलट करत शेवटी दोन सुलट, ही बाहीची पट्टी 5 सेंटिमीटर. मग एकाच ओळीत वाढवा: दर तीन टाक्यांपैकी दोन टाक्यांचे दोन-दोन करा, तिसरा साधा. 66 चे 110 होतात, 50 सेंटिमीटर रुंद. आता 90 सेंटिमीटर सरळ. वीण अशी घ्या की कडा गुंडाळणार नाहीत. नुसती सुलट-उलट ओळीची वीण गुंडाळते, किती इस्त्री केली तरी. साबुदाणा वीण छान: पहिली ओळ एक सुलट एक उलट, पुढच्या ओळीपासून समोर सुलट दिसेल त्यावर उलट आणि उलट दिसेल त्यावर सुलट. दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. तिचा तुकडा मात्र वेगळा विणून मोजा, ती पसरते. शेवटी एका ओळीत परत 110 चे 66 करा आणि पट्टी 5 सेंटिमीटर. पट्टा लांबीत दुमडा, दोन्ही टोकांकडून 20-20 सेंटिमीटर शिवा, त्या बाह्या. मधली 60 सेंटिमीटर उघडी राहते, तिची एक कड मानेमागे जाते, दुसरी कमरेवर. शिवण आधी कच्च्या दोऱ्याने घाला, अंगात घालून बघा, मग पक्की करा. हवं तर ही शिवण तिकडे जाऊन लेकीच्या अंगावरच घाला.

शालीवर फार वेळ घालवू नका. तुमची सवय मोडली आहे, म्हणून सुरुवात खरं तर शालीनेच करा, दोन्हीकडून सुलट विणीने, प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता नुसता सरकवून. हात आठवतो, आणि पहिल्या बोटभर भागात ताण कमी-जास्त झाला तरी शालीत खपतो, बाळाच्या टोपड्यात खपत नाही. लोकर नेमकी किती आहे याची खात्री नसेल तर त्रिकोणी शाल करा: तीन टाक्यांपासून सुरू, समोरच्या ओळींत वाढवत जायचं, लोकर संपली की थांबायचं. फक्त लक्षात ठेवा की अर्धी लोकर संपते तेव्हा शाल 70 टक्के उंच झालेली असते, उरलेल्या अर्ध्या लोकरीत तेवढी 30 टक्केच वाढणार. आणि टाके बंद करायला काठाच्या चौपट धागा राखून ठेवा. अॅक्रिलिकची शाल असेल तर तिला गरम इस्त्री टेकवू नका, एकदा मेली की वीण परत उठत नाही. खरी लोकर ओली करून टाचण्यांनी ताणून वाळवली की जाळी फुलासारखी उघडते.

विणून झालेलं डिसेंबरपर्यंत ट्रंकेत ठेवाल, तेव्हा डांबराच्या गोळ्या टाकू नका. हे मी सगळ्या आज्यांना हात जोडून सांगते. त्या गोळ्यांतल्या नॅप्थलीनची वाफ कापडात मुरते, आणि ज्या बाळांमध्ये जी-सिक्स-पी-डी नावाचं द्रव्य जन्मतः कमी असतं त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्याने फुटतात, कावीळ उतरत नाही. बाळात ते कमी आहे की नाही हे आपल्याला दिसत नाही. धुवून, कडकडीत वाळवून, स्वच्छ सुती पंच्यात गुंडाळून ठेवा. कसर खऱ्या लोकरीला लागते, अॅक्रिलिकला नाही. श्रगच्या घडीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला कापडी पुरचुंडीत ठेवला की झालं. आणि जुना पेटीतला बाळंतविडा काढून नेणार असाल तर तो दोनदा धुवून, दोन दिवस उन्हावाऱ्यात टांगून मग न्या.

विकण्याबद्दल. जमेल, पण हिशोब आधी मांडा. मला बाळाचा पूर्ण सेट विणायला 25 तास लागतात. तुम्हाला सुरुवातीला 35 लागतील. थंडीत आपल्या गावागावांत तिबेटी लोकांचे स्वेटरचे स्टॉल लागतात, तिथे मशीनवरचा तयार माल मिळतो. त्या किमतीशी हाताने बरोबरी करायला गेलात तर तासाला पडणारे पैसे बघून डोळ्यांत पाणी येईल. मी ‘लोकरीच्या तिप्पट’ असला ठोकताळा वापरत नाही, कारण 4 प्लाय स्वस्त असतं नि तास खातं. तासांची वही ठेवा, तासाचा भाव स्वतः ठरवा, त्यात लोकर, बटणं आणि रिक्षाभाडं मिळवा. तो आकडा सांगताना आवाज खाली येऊ देऊ नका. लोक घासाघीस करतील, नातेवाईक सगळ्यात जास्त. भाव कमी करायचाच तर वस्तू बदला: सेटऐवजी नुसतं टोपडं द्या, तासाचा भाव तोच.

ज्या गोष्टी मशीनवाल्याकडे मिळत नाहीत त्याच घ्या. सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाचं टोपडं, आजीच्या वाकलेल्या खांद्याच्या मापाचा श्रग, बारशाला पाळण्यावर घालायचं नाव विणलेलं दुपटं. लोकरीचे पैसे आधी घ्या. माप लिहून, सही घेऊन ठेवा. मुंबईत बचतगटांचं महालक्ष्मी सरस भरतं, पुण्यात डिसेंबरात भीमथडी जत्रा भरते. स्टॉल लावायच्या आधी एक वर्ष नुसतं फिरून या, लोक कशाला हात लावून बघतात आणि काय घेऊन जातात हे दोन वेगळं असतं ते कळेल. आणि प्रत्येक वस्तूबरोबर चिठ्ठी द्या: धागा कोणता, मशीनमध्ये चालेल की नाही, पाणी किती गरम.

पण ते बाळंतपण आटोपून आल्यावर. सध्या डिसेंबरपर्यंत क्रम असा ठेवा: शाल, मग मोजे-टोपडं, मग स्वेटर, शेवटी श्रग. रोज दीड-दोन तास, चाळीस मिनिटांनी उठून मनगटं फिरवा. उद्या दुकानात जाऊन 4 प्लायची एकच लड आणा, 36 टाक्यांचा तुकडा विणा, मशीनमध्ये बाकीच्या कपड्यांबरोबर टाका. वाळला की मधल्या 10 सेंटिमीटरमध्ये आडवे किती टाके आणि उभ्या किती ओळी आल्या ते मला कळवा. माझ्या हाताला 28 आणि 36 येतात. तुमचे वेगळे असले तर स्वेटरचे टाके मी तुमच्या हाताप्रमाणे मांडून देते.